समेटाचा खर्च कोणी सोसायचा?

(शहागड, ता. अंबड, जि. जालना येथे पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या अभ्यासवर्गात पीकविमा आहे, गोदावरीच्या पाण्याचा प्रश्न आहे, रोजगार हमी आहे. आणि त्यांच्या रांगेत ‘कौटुंबिक मध्यस्थी आणि शासनाची जबाबदारी’ हा विषय बसवलेला आहे. आपल्यापैकी काहींना तो पाहून थोडे आश्चर्य वाटले असेल. नवरा-बायकोचे भांडण हा काय राजकीय पक्षाने चर्चा करण्याचा विषय आहे, असेही कोणी मनातल्या मनात म्हटले असेल. मी हा विषय मजुरीचा विषय म्हणून मांडणार आहे. दोन दुखावलेल्या माणसांच्या मध्ये बसून त्यांना बोलते करणे, खोटे-खरे पारखणे, मुलांचे आणि पैशाचे काय ते ठरवणे हे श्रमाचे काम आहे. त्याला वेळ लागतो, कौशल्य लागते, आणि ते कधीच फुकट होत नाही. कोणी ना कोणी त्याची किंमत मोजतो. आज ती कोण मोजते आणि उद्या कोणी मोजावी, एवढाच माझा प्रश्न आहे.

शहागड हे नदीकाठचे आणि महामार्गावरचे गाव. पूल ओलांडला की बीड जिल्हा लागतो. इथल्या सोयरिकी नदीच्या दोन्ही काठांवर होतात. त्यामुळे संसारात बिनसले की सासर एका जिल्ह्यात आणि माहेर दुसऱ्या जिल्ह्यात. पोलीस ठाणे निराळे, न्यायालय निराळे, पुढारीही निराळे. मुलगी माहेरी निघून आली म्हणजे प्रथम चार माणसे बसतात. त्यांत भाऊबंद असतात, एखादा माजी सरपंच असतो, दोन्हीकडचा ओळखीचा कोणी सोयरा असतो, आणि अलीकडे आपल्या किंवा दुसऱ्या पक्षाचा एखादा कार्यकर्ताही असतो. बैठक पारावर किंवा कोणाच्या तरी ओसरीवर भरते. जिच्या आयुष्याचा निर्णय व्हायचा, ती बाई बहुधा आतल्या खोलीत दाराआड असते. तिला एकदाच बाहेर बोलावतात, आणि ‘नांदायला जातेस ना?’ एवढेच विचारतात. त्यावर ‘नाही’ म्हणण्याचे धैर्य तिच्यात असेलच असे नाही. आणि असलेच, तर म्हातारा बाप मान खाली घालून समोर बसलेला असतो.

यातून जे घडते त्याला आपण समेट म्हणतो. घडत नाही तेव्हा मुद्रांक कागदावर फारकत लिहून घेतात. पोटगीचा हक्क सोडल्याची ओळ त्यात न चुकता असते. रूढी सिद्ध केल्याखेरीज अशा फारकतीला हिंदू विवाह कायद्यात स्थान नाही, आणि असा सोडून दिलेला पोटगीचा हक्क न्यायालये सहसा बंधनकारक मानीत नाहीत. पण हे त्या बाईला सांगणारे त्या ओसरीवर कोणी नसते. नोटरीचा शिक्का पाहिला की सरकारने निकाल दिला असे तिला वाटते.

आता आपल्या भागातल्या एका विशेष गोष्टीकडे वळतो, कारण मध्यस्थ कोणाचा माणूस आहे हा प्रश्न तिच्यामुळे जितका स्पष्ट होतो तितका दुसऱ्या कशानेही होत नाही. बीड आणि जालना जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. ‘कोयता’ म्हणजे एक नवरा आणि एक बायको. उचल जोडीला मिळते, तोडीचा आणि भरणीचा हिशेब जोडीचा होतो, आणि तो हिशेब नवऱ्याच्या नावे लिहिला जातो. बायकोच्या घामाला स्वतंत्र रकाना नाही. आता अशा जोडीत मारहाण झाली आणि बाई माहेरी निघून गेली, तर त्या घटनेचे आर्थिक नाव ‘कोयता मोडला’ असे आहे. कोयता मोडला की मुकादमाची उचल अडकते. मग मुकादम जीप घेऊन बाईच्या माहेरी जातो आणि समेट घडवून आणतो! त्याची भाषा मोठी गोड असते. संसाराच्या पावित्र्यावर तो जे बोलतो ते कीर्तनकारालाही साधणार नाही. पण तो बोलत असतो आपल्या रकमेविषयी. या मध्यस्थाचा भत्ता कोण देतो, हे ओळखायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

याच्याच दुसऱ्या बाजूला न्यायालय आहे. अंबडच्या न्यायालयात बाईने पोटगीचा अर्ज केला आणि तारीख जानेवारीत पडली, तर नवरा कोल्हापूरकडे उसाच्या फडात, आणि ती स्वतः भावाच्या टोळीबरोबर सांगलीकडे. दोघे गावी परत येतात पाडव्याच्या सुमारास. म्हणजे वर्षातले जेमतेम सहा महिने हे कुटुंब कायद्याच्या हाती लागू शकते. जी सेवा या सहा महिन्यांत गावाजवळ उपलब्ध नाही, ती या माणसांच्या दृष्टीने कोठेच उपलब्ध नाही.

‘शासनाने यात पडू नये’ असे म्हणणाऱ्यांना माझे सांगणे असे, की शासन यात फार पूर्वीच पडलेले आहे. मात्र ते शहरात पडले आहे. १९८४ साली कौटुंबिक न्यायालयांचा कायदा झाला. दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरात असे न्यायालय स्थापन करणे राज्य सरकारवर बंधनकारक झाले. इतरत्र मात्र सरकारच्या मर्जीवर राहिले. समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायाधीशाचे कर्तव्य ठरले, आणि समुपदेशकांची तरतूद झाली. १९८९ साली पुण्यात आणि मुंबईत ही न्यायालये सुरू झाली. महाराष्ट्राने एक चांगली गोष्ट केली, ती मान्य केली पाहिजे: विवाह समुपदेशक हे पगारी पद निर्माण केले. समुपदेशकापुढे पक्षकार जे बोलतात ते गोपनीय राहते. समेट झाला काय आणि न झाला काय, त्याचा पगार तेवढाच राहतो. म्हणजे पुण्याच्या बाईला शासनाच्या पैशाने, प्रशिक्षित, निःपक्षपाती मध्यस्थ मिळतो. आणि शहागडच्या बाईला मुकादम मिळतो. समतेचा विचार सांगणाऱ्या पक्षाला या तफावतीविषयी काही म्हणायचे आहे की नाही?

खेड्यासाठी शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. आर. आर. पाटील तेव्हा गृहमंत्री होते, आणि त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. गावोगाव समित्या झाल्या, बांधाची आणि वाटेची पुष्कळ भांडणे मिटली. पण या योजनेचे अर्थकारण पाहा. तंटे मिटवण्याला गुण होते, नवे तंटे उद्भवू न देण्याला गुण होते, आणि गुणांवरून लोकसंख्येनुसार काही लाखांपर्यंतचे बक्षीस गावाला होते. बांधाच्या भांडणात हे ठीक आहे; तेथे दोन्ही बाजूंना जमिनीचे तुकडे असतात, दोघेही समितीपुढे सारख्या आवाजात भांडतात. पण बायकोला मारहाण होते हाही एक ‘तंटा’च धरला, तर काय होईल? तिने पोलिसांत जाणे म्हणजे गावाचे गुण जाणे. सारे गाव तिच्या गप्प राहण्याचे लाभार्थी होते. शासनाने पैसा दिला खरा, पण तो दिला मौनाला.

हा दोष एका मोहिमेपुरता असता तर मी त्यावर वेळ घालवला नसता. न्यायालयाशी संलग्न मध्यस्थी केंद्रांतही तो शिरला आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेतील कलम ८९ नव्या रूपात २००२ सालापासून लागू झाले. सर्वोच्च न्यायालयाने मध्यस्थांसाठी चाळीस तासांचे प्रशिक्षण ठरवले. २०१३ साली श्रीनिवास राव खटल्यात वैवाहिक तंटे मध्यस्थीकडे पाठवण्याचे आणि दाव्यापूर्वीही मध्यस्थीची सोय करण्याचे निर्देश दिले. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु मध्यस्थाच्या मानधनाची रचना अशी राहिली, की समेट झाला तर अधिक आणि न झाला तर कमी. ज्याने चार बैठका घेऊन, या घरात बाईच्या जिवाला धोका आहे असा योग्य निष्कर्ष काढला आणि प्रकरण न्यायालयाकडे परत पाठवले, त्याला कमी पैसे. आणि ज्याने दोन बैठकांत तिला नांदायला पाठवले, त्याला जास्त. डॉक्टरला रोगी बरा झाल्याच्या सहीवर पैसे द्यायचे ठरवले, तर तो सही घेण्यात तरबेज होईल. तिमाहीच्या राष्ट्रीय लोकअदालतीचेही तसेच. तेथे दिवसअखेर निकाली प्रकरणांचा आकडा जाहीर होतो, आणि त्या आकड्यात वीजबिलाची थकबाकी आणि मोडलेला संसार यांचे मोल सारखेच असते.

तेव्हा माझे म्हणणे असे. कौटुंबिक मध्यस्थीला शासनाचा पैसा मिळालाच पाहिजे. परंतु तो बसण्याला मिळावा, मिटवण्याला नव्हे. मध्यस्थाचा पगार निकालाशी बांधलेला असता कामा नये.

यावर स्त्री-चळवळीतून एक आक्षेप येतो, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. आक्षेप असा की मारहाण हा गुन्हा आहे, आणि गुन्ह्यात मध्यस्थी कसली? चोर आणि घरमालक यांच्यात आपण समुपदेशन करतो काय? ज्या छळाला पूर्वी ४९८-अ कलम लागे आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची ८५ व ८६ ही कलमे लागतात, तो छळ चटईवर बसून मिटवण्याची वस्तू नव्हे. ‘समेट’ या शब्दाखाली बायकांना पुन्हा त्याच घरात ढकलले गेले आहे, आणि त्यांतल्या काही परत आल्या नाहीत. हे सारे खरे आहे. मला फक्त एवढेच सांगायचे आहे, की मध्यस्थी नाकारल्याने मध्यस्थी थांबत नाही. ती ओसरीवर चालूच राहते. प्रश्न मध्यस्थी असावी की नसावी हा नसून, ती कोणत्या नियमांनी चालावी हा आहे.

आणि नियम आपल्याला नव्याने शोधायचे नाहीत. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ सालचा. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्याच्या नियमांत समुपदेशनाविषयी एक फार मोलाची गोष्ट आहे: केलेल्या हिंसेचे समर्थन करण्याची मुभा समुपदेशनाच्या बैठकीत नवऱ्याला नाही. ‘तिने उलट उत्तर दिले म्हणून मारले’ हे वाक्य तेथे चालत नाही. समझोत्याची बोलणीही बाईची इच्छा असेल तरच व्हायची. आपल्या ओसरीवरच्या बैठकीची सुरुवातच नेमकी त्या वाक्याने होते! एवढा एक नियम जरी गावोगाव पोचला, तरी मी त्याला क्रांतिकारक म्हणेन.

दुसरे उदाहरण मुंबईचे. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या आवारात, पण पोलीस नसलेली, समाजकार्याचे शिक्षण घेतलेली बाई खुर्चीत बसली. तिचे काम प्रथम हिंसा थांबवणे; संसार जोडणे किंवा मोडणे हा त्यानंतरचा आणि त्या बाईचा स्वतःचा निर्णय. पुढे राज्याच्या महिला व बालविकास खात्याने हा प्रयोग जिल्ह्याजिल्ह्यांत नेला. मध्यस्थाच्या पाठीशी पोलिसांचे बळ आहे हे नवऱ्याला दिसते, आणि तरीही समोर बसलेली बाई खाकी गणवेशात नसते. या दोन गोष्टींच्या संयोगात सारे मर्म आहे. जिल्ह्याच्या गावी पोचलेला हा कक्ष शहागडसारख्या गावापर्यंत येणे, ही आपली मागणी असली पाहिजे.

आपल्या चळवळीनेही या कामात घातलेली भर लहान नाही. आपल्या शेजारच्या अंबाजोगाईत डॉ. द्वारकादास लोहिया आणि शैला लोहिया या समाजवादी दांपत्याने मानवलोकच्या कामातून ‘मनस्विनी’ प्रकल्प उभा केला आणि टाकलेल्या स्त्रियांना आसरा दिला. १९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली. निशा शिवूरकरांनी त्या प्रश्नावर आयुष्य वेचले. पुण्यात नारी समता मंचाने ‘बोलते व्हा’ हे केंद्र चालवले. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम भगिनींचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला, तेव्हा त्यांची मागणीसुद्धा हीच होती की त्यांच्या संसाराचा निकाल नवऱ्याच्या तीन शब्दांनी न लागता कायद्याने लागावा. तो इतिहास अभिमानाचा आहे. परंतु स्वयंसेवी संस्थांनी हे काम चालवले म्हणून शासनाची सुटका होते, असा त्याचा अर्थ काढला गेला, आणि तो घातक ठरला. संस्था प्रकल्पावर जगते. प्रकल्पाला मुदत असते. मुदत संपली की समुपदेशक दुसरी नोकरी शोधते. केंद्रीय समाजकल्याण मंडळ १९५३ साली दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झाले. त्याच्या अनुदानावर देशभर कुटुंब सल्ला केंद्रे चालत. अलीकडच्या वर्षांत ते मंडळच गुंडाळले गेले. गुजरातेत महिला सामाख्याच्या खेडूत स्त्रियांनी १९९५ पासून नारी अदालत चालवून दाखवली. त्या कार्यक्रमाचाही केंद्राकडून येणारा पैसा पुढे आटला. आता ‘मिशन शक्ती’त नारी अदालत हेच नाव घेऊन आसाम आणि जम्मू-काश्मीरमध्ये प्रयोग सुरू झाला. प्रयोग, पुन्हा प्रयोग! शाळेतला मास्तर हा प्रयोग नसतो, तलाठी हा प्रयोग नसतो; मग बाईच्या अब्रूचा आणि पोटगीचा प्रश्न आला म्हणजेच शासनाला प्रयोग का सुचावेत?

पैसा कोठून आणायचा असे विचारले जाईल, आणि एक सोपे उत्तरही सुचवले जाईल: न्यायालयांवरचा आणि वकिलांवरचा खर्च कमी करा व तो मध्यस्थीकडे वळवा. या उत्तरापासून सावध राहावे. इंग्लंडने ते करून पाहिले. २०१२ साली तेथे कायदा झाला, आणि एप्रिल २०१३ पासून घरगुती हिंसेचा पुरावा असलेली प्रकरणे वगळता कौटुंबिक दाव्यांतील सरकारी वकिलाची मदत बहुतेक बंद झाली. मध्यस्थीसाठीची मदत मात्र शिल्लक ठेवली. हिशेब असा होता की वकील मिळाला नाही म्हणजे लोक आपोआप मध्यस्थाकडे जातील. झाले उलटेच. सरकारी खर्चाच्या मध्यस्थीकडे येणाऱ्यांची संख्या वर्षभरात निम्म्याहून खाली आली, कारण लोकांना मध्यस्थाकडे पाठवीत होता तो वकीलच. वकीलही गेला आणि मध्यस्थही गेला. माणसे एकटी न्यायालयात उभी राहू लागली. पुढे २०२१ साली तेथील सरकारला मध्यस्थीसाठी पाचशे पौंडांची चिठ्ठी कुटुंबांना देण्याची योजना काढावी लागली. ज्या बाईला न्यायालयात जाता येते, तिच्याशीच मध्यस्थीच्या चटईवर नीट बोलणे होते. १९८७च्या विधिसेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकिलाचा हक्क दिलेला आहे. तो हक्क अबाधित ठेवूनच मध्यस्थीचा पैसा वेगळा मागायचा आहे.

आणखी एक कायदेशीर खाच आहे. २०२३ साली संसदेने मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा केला. त्यात गावातील वा वस्तीतील तंट्यांसाठी तीन मध्यस्थांच्या मंडळाची, सामुदायिक मध्यस्थीची तरतूद आहे. ऐकायला गोड आहे. पण अशा मध्यस्थीतून झालेला करार न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे बजावता येणार नाही, असेही त्याच कायद्यात लिहिले आहे. म्हणजे दरमहा तीन हजार देण्याचे नवऱ्याने पंचांसमक्ष कबूल केले आणि चौथ्या महिन्यापासून दिले नाहीत, तर ती बाई पुन्हा पहिल्या पायरीवर. लोकअदालतीचा निवाडा मात्र हुकूमनाम्याच्या बरोबरीचा असतो. म्हणून गावपातळीवर झालेला प्रत्येक आर्थिक करार तालुका विधिसेवा समितीमार्फत लोकअदालतीपुढे नेऊन निवाड्याच्या रूपात पक्का करण्याची सोय हवी. त्या करारापूर्वी दोघांनी आपले उत्पन्न लेखी जाहीर करावे. २०२० साली रजनेश विरुद्ध नेहा या महाराष्ट्रातूनच गेलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या दाव्यांसाठी हे बंधन घातले आहे. आपल्याकडे त्या जाहीरनाम्यात उचलीची रक्कम आणि जोडीने केलेल्या तोडीचा हिशेब आला पाहिजे, म्हणजे नवऱ्याच्या नावावर लागलेली अर्धी मजुरी कोणाची, हे कागदावर येईल.

मागणी करायची ती नेमकी करू. तालुक्याला किमान दोन समुपदेशक, कायम पदावर, ठरलेल्या पगारावर, त्यांतली एक स्त्री. त्यांनी आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, म्हणजे बाजाराच्या दिवशी, शहागडसारख्या मोठ्या गावात येऊन बसावे. बाजाराला आलेल्या बाईला घरी कारण सांगावे लागत नाही. खोली पोलीस चौकीत नको आणि पुढाऱ्याच्या घरात तर नकोच. ग्रामपंचायतीची किंवा आरोग्यकेंद्राची खोली चालेल. पाडवा ते दसरा या काळात दिवस वाढवावेत. बीड आणि जालना या दोन जिल्ह्यांच्या यंत्रणांनी एकमेकींचे कागद मानावेत, नदी आडवी येऊ नये. वार्षिक अहवालात किती समेट झाले हा आकडा नसावा. किती बायका आल्या, कितींची मारहाण थांबली, कितींना पोटगी प्रत्यक्ष मिळू लागली, हे असावे.

आता एक अप्रिय गोष्ट, आणि ती आपल्यालाच लागू आहे. मध्यस्थी करणारा कार्यकर्ता गावात मोठा होतो. ‘भाऊंनी शब्द टाकला आणि मिटले’ ही कीर्ती निवडणुकीत उपयोगी पडते. सरकारी पगाराचा मध्यस्थ आला की हा मान कमी होईल, आणि म्हणून आपल्यातल्या काहींनाच ही मागणी मनापासून आवडणार नाही. पण ज्याला दोन्ही घरांची मते हवी आहेत, त्याने त्या दोन घरांच्या मध्ये बसू नये. जातपंचायतींच्या दंडेलीविरुद्ध आपण बोललो. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा ३ जुलै २०१७ पासून राज्यात लागू झाला तेव्हा आपण त्याचे स्वागत केले. त्या पंचांचे आसन रिकामे करून तेथे पक्षाचा पंच बसवणे हे परिवर्तन नव्हे. कार्यकर्त्याचे काम बाईबरोबर समुपदेशकाच्या दारापर्यंत जाणे, आणि दाराबाहेर थांबणे.

टोळ्या निघण्यापूर्वीच्या ग्रामसभेत हा ठराव मांडता येईल. मसुदा सोपा ठेवावा: एक खोली, आठवड्याचा एक दिवस, आणि समुपदेशकाच्या पदाची मागणी. ठरावाची एक प्रत अंबडच्या तालुका विधिसेवा समितीकडे, दुसरी जालन्याच्या महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे जावी. ठराव बाईने मांडावा. आणि ज्या घरातली बाई हात वर करील त्या घरी दुसऱ्या दिवशी आपल्यापैकी दोघांनी सहज म्हणून चहाला जाऊन यावे.